एकविसावा सभासद

नारळ माझ्या हातून फुटला नाही. पण तो फुटायला कारण मीच झालो, हे आधीच कबूल केलेलं बरं. पुढे वीस प्रतिष्ठित माणसांच्या माना आखडल्या, दोघांच्या पाठीत उसण भरली आणि मामलेदारीतून निवृत्त झालेल्या रावसाहेबांना भर दुपारी आपल्याच गड्याची नजर चुकवून दगड उचलावा लागला, त्या सगळ्याचं मूळ माझ्या जिभेच्या खाजेत होतं.

साल एकोणीसशे बत्तीस, महिना पौष. आमच्या 'रत्नागिरी सेवा क्लबा'ची वार्षिक सभा रावसाहेबांच्या पडवीत भरली होती. मी चिटणीस. पोटाला मराठी शाळेत मास्तर, पण रविवारी चारनंतर चिटणीस. पाहुणे म्हणून बोलावलेले एक न्यायाधीश आयत्या वेळी पोटदुखीनं अडले आणि त्यांच्यासाठी आणलेला नारळ टेबलावर बेवारशी पडला होता. पोहे झाले, चहा झाला, 'कार्यक्षम सभासद' हा तांब्याचा बिल्ला दादा वकिलांना देऊन झाला. दादांची वर्षभर एकही सभा चुकली नव्हती. प्रत्येक सभेत ते पहिल्या ठरावाला झोपत आणि आभाराला उठत, पण हजेरी ती हजेरी.

राहिला होता ठराव नंबर नऊ. खालच्या वाडीची पाखाडी दुरुस्त करण्याबाबत. पाखाडी म्हणजे उतारावरची जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट; आमच्या गावात निम्मी माणसं वर राहतात आणि निम्मी खाली, त्यांना जोडणारी. ही पाखाडी सहा वर्षं मोडून पडली होती आणि हा ठराव दोन वर्षं 'पुढील सभेकडे' जात होता. पुढची सभा आली की तो तिथंही तसाच हसतमुखानं हजर.

मी पाहिलं, तर सगळी सभा पेंगत होती. मला चेष्टा सुचली. मी देवरूखकडच्या खेड्यातला; माझा चुलता गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीनं देवाला साकडं. मी हात जोडून उभा राहिलो आणि त्याच्या सुरात ठराव वाचायला लागलो.

"बा जाखाई म्हाराजा! आज ही सेवा क्लबाची लेकरं तुझ्या पायाशी जमली आहेत, म्हाराजा!"

(बाई असो की बुवा, गाऱ्हाण्यात देव हा महाराजच.)

"व्हय म्हाराजा!" सभा झोपेतच म्हणाली. कोकणातल्या माणसाला 'म्हाराजा' ऐकून 'व्हय' म्हणायला जागं असावं लागत नाही.

"येत्या शिमग्याच्या आत खालच्या वाडीची पाखाडी बांधून द्यायचं ह्या लेकरांनी मनात आणलं आहे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ते तू तडीस ने, आणि ह्यात जो कोणी मोडता घालील, त्याला उभ्याचा आडवा कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि त्याच क्षणी पडवीच्या पायरीवर 'खाड्' असा आवाज झाला. सभा दचकून जागी झाली. पायरीवर लवू शिवलकर उभा होता. त्याच्या दोन हातांत नारळाची दोन भकलं होती आणि पाणी पायरीवरून ओघळत होतं.

"अरे, काय केलंस हे?" रावसाहेब ओरडले.

"गाऱ्हाणं घातलंत ना? मग नारळ काय नुसता बघत ऱ्हायचा?" लवू म्हणाला. खोबऱ्याचा तुकडा देवीच्या नावानं बाजूला ठेवत तो सहज पुढे बोलला, "आणि फोडलाय तोपण पाखाडीच्याच चिऱ्यावर. ही पायरी तिथलीच हाय, रावसाहेब."

सभेतली वीस डोकी एकदम खाली झुकली. पायरीकडे कुणी बघत नव्हतं. जो तो आपापल्या घरची पायरी आठवत होता.

हा लवू आमचा एकविसावा सभासद. तो क्लबात कसा आला, ते सांगितलं पाहिजे.

रावसाहेब पेन्शनीत निघाल्यावर मुलाकडे मुंबईला गेले होते. तिथं मुलानं त्यांना एका मोठ्या हॉटेलात नेलं. साहेब लोक आणि शेटलोक आठवड्यातून एकदा तिथं जेवायला जमत आणि त्याला समाजसेवा म्हणत. जेवायचं आणि त्याला सेवा म्हणायचं, ही कल्पना रावसाहेबांना इतकी पसंत पडली की आगबोटीनं परत येताना ते त्या क्लबाच्या नियमांची वहीच उतरवून घेऊन आले. वहीत लिहिलं होतं, की सभासदांनी एकमेकांना मानाचे शब्द न लावता नुसत्या नावानं हाक मारावी, म्हणजे बंधुभाव वाढतो. आता रावसाहेबांचं नाव काय हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या पत्नीला असावं, पण ती बिचारी ते घेणार कशी? शेवटी हा नियम एकाच माणसाच्या बाबतीत तंतोतंत पाळला गेला. लवूला सगळे आधीपासूनच 'लव्या' म्हणत होते.

वहीत आणखी असं होतं, की क्लब काढायला निदान एकवीस माणसं लागतात. पहिल्या सभेला आम्ही वीस जमलो. वकील, डॉक्टर, पेढीवाले, बंदरावर ज्यांच्या पडाव-होड्या चालत ते जमालशेट, आणि कागद लिहायला मी. एक माणूस कमी. रावसाहेब कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात खिडकीत एक डोकं उगवलं. नगरपालिकेचा दिवेवाला लवू शिडीवर चढून रावसाहेबांच्या फाटकाजवळच्या खांबावरचा दिवा पुसत होता.

"लव्या, सेवा करशील काय रे?" रावसाहेबांनी खिडकीतूनच विचारलं.

"आता काय करतंय मी?" लवू काचेवर फुंकर मारत म्हणाला.

हा होकार समजून त्याचं नाव वहीत गेलं. माणूस शिडीवरून उतरायच्या आत सभासद झाला, असा आमचा क्लब कामाला वाघ! खुर्च्या मात्र वीसच होत्या. त्यामुळे लवू पायरीवर बसायचा. बंधुभावात उंची-खोली आली तर चालते, असं वहीत कुठं नव्हतं, पण चालत नाही असंही नव्हतं.

लवूचा दोष एवढाच, की त्यानं नियम खरे मानले. प्रत्येक सभासदानं महिन्याला एक सेवाकार्य करून सभेत सांगावं, असा नियम मी त्याला वाचून दाखवला होता. रावसाहेब सांगत, "या महिन्यात मी ग्रामसुधारणेवर चिंतन केलं." टाळ्या. दादा वकील सांगत, "एका गरीब अशिलाला योग्य सल्ला दिला." टाळ्या. (सल्ला असा होता, की दुसरा वकील बघ.) मग लवू पायरीवरून उठून बोटांवर मोजत सांगायचा.

"बंदरावरच्या विहिरीत मांजर पडलेलं, ते काढलं. पडावातनं उतरताना एक म्हातारी पाण्यात गेली, तिला खांद्यावरनं आणली. दादा वकिलांच्या मागीलदारचं गटार महिनाभर तुंबलेलं, ते मोकळं केलं. अजून काय..."

"पुरे, पुरे," रावसाहेब म्हणत. टाळ्या वाजत नसत, कारण गटार दादांचं असलं तरी वास सगळ्यांच्या ओळखीचा होता. मी इतिवृत्तात लिहायचो : 'श्री. लवू यांनीही काही किरकोळ कामे सांगितली.' आता ते वाक्य आठवलं की हात शिवशिवतात, माझेच माझ्या कानफटात द्यायला.

त्या ठराव नंबर नऊला दोन वर्षं लवूचाच तगादा होता. त्याचं घर खालच्या वाडीत, पाखाडीच्या पायथ्याशी. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको हौसा डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन चढत होती. सातव्या पायरीवर पाय टाकला, तर पायरीच नव्हती. खुब्यातलं हाड मोडलं ते नीट बसलंच नाही. तेव्हापासून ती घरात बसून खुरडत फिरे. आणि पाखाडी मोडल्यापासून शिमग्यात देवीची पालखी वाडीत उतरायची बंद झाली. खांद्यावर देव घेतलेल्या माणसांनी ठेचकाळायचं नसतं. वाडीतली बाकीची माणसं वर सहाणेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, जाऊन ओटी भरून येत. हौसा येऊ शकत नव्हती.

"चल, पाठीवर घेऊन नेतंय," लवू दर वर्षी म्हणे.

"देवीनं माझ्या दारात यायचं," हौसा म्हणे. "मी तुमच्या पाठीवर बसून जायला काय शिमग्यातलं सोंग हाय?"

एवढं बोलून ती खण-तांदूळ पुन्हा पेटीत ठेवी. लवूला सगळ्या गावात हवं होतं ते एवढंच : देवीची पालखी एकदा हौसाच्या दारात यावी.

आता वाडीच्या माणसांनीच पाखाडी का बांधली नाही, असं कुणी विचारील. बांधायला हात होते, चिरे नव्हते. पाखाडी काही भूकंपानं मोडली नव्हती. एकानं निखळलेला चिरा नेला, दुसऱ्यानं निखळायला आलेला नेला, तिसऱ्यानं त्याची वाट न बघता नेला. नगरपालिकेचा दगड म्हणजे ज्याच्या अंगणात जाईल त्याचा. लवूला हे सगळं ठाऊक होतं, कारण रोज संध्याकाळी शिडीवर चढून तो सगळ्या गावाच्या परसात बघत असे. कुठल्या वकिलाच्या तुळशीखाली पाखाडीचा कितवा चिरा आहे, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. पण दिवेवाल्यानं सांगायचं कुणाला? ज्यांच्याकडे तक्रार न्यायची, तेच तुळशीला पाणी घालत होते.

तर नारळ फुटला, आणि सभेत कायद्याचा कीस सुरू झाला. दादा वकील म्हणाले, "गाऱ्हाणं देवीसमोर घातलेलं नाही, सबब ते पोकळ आहे." कुणी म्हणालं, की संमती झोपेत दिलेली आहे. रावसाहेब म्हणाले, "आपण सुशिक्षित माणसं. असल्या खुळचट समजुतींना मी भीक घालत नाही." आणि ठराव पुढील सभेकडे गेला.

तिसऱ्या दिवशी दादा वकील परसातल्या न्हाणीच्या दगडावरून सटकले आणि सपाट पडले. उभ्याचे आडवे. तो दगड कुठला होता, हे सांगायला नकोच.

बातमी तासाभरात वीसही घरी पोचली. त्या संध्याकाळी लवू दादांच्या गल्लीत दिवा लावत होता, तर दादा काठी टेकत शिडीखाली येऊन उभे.

"लवू," ते म्हणाले. आजवर 'लव्या' होता, एका घसरणीत लवू झाला. "तसं मी काही मानत नाही, हं. पण घरातल्या बायका घाबरतात. देवीला काय द्यावं लागेल रे?"

लवूनं वात कापली, काच बसवली. दोन वर्षं तो तोंडानं मागत होता आणि कुणी चिरा दिला नव्हता. आता काय देऊ म्हणून विचारायला माणूस स्वतःच आला होता.

"देवीला नारळ-कोंबडं काय नको," तो म्हणाला. "तिच्या वाटेचा चिरा तिच्या वाटेला नेऊन ठेवा. पण सोता उचलून. गड्याकडनं पाठवलात तर पुण्य गड्याला. आणि कुणाला बोलू नका, दादा. बोललात की फुकट गेलं."

"दोन चिरे आहेत माझ्याकडे," दादा हळूच म्हणाले.

"चार," लवू वरून म्हणाला. "दोन न्हाणीत, एक तुळशीखाली, एक धुण्याचा."

मग जो तो शिडीखाली येऊन उभा राहायला लागला. प्रत्येक जण 'मी काही मानत नाही'नं सुरुवात करी आणि 'घरातल्या बायका'वर येई. गावातल्या बायका त्या महिन्यात जितक्या घाबरल्या तितक्या प्लेगातसुद्धा घाबरल्या नसतील; त्या बायकांना मात्र ह्याचा पत्ता नव्हता. प्रत्येकाला लवूनं तेच सांगितलं.

रत्नागिरीत दुपारी दोन ते चार काळं कुत्रं रस्त्यावर दिसत नाही. तेवढ्या वेळात अडीचाला एक वकील डोक्यावर उपरणं, उपरण्यावर चिरा घेऊन पाखाडीकडे उतरे आणि पावणेतीनला रिकामा परते. तीनला डॉक्टर. प्रत्येकाला वाटे, की गावात आपण एकटेच शहाणे. रस्त्यात समोरून कुणी दिसलं तर माणसं माडाच्या आड उभी राहत. मीही गेलो. माझ्याकडे एकच चिरा होता, मोरीतला. पण माझं घर सगळ्यांत लांब, आणि माझ्या जिभेला तेवढी शिक्षा हवीच होती. मी चिरा ठेवला तेव्हा लवू उघड्या अंगानं सातवी पायरी खणत होता. त्यानं मान वर केली नाही. "त्या डावीकडं ठेवा, मास्तर," एवढंच म्हणाला. आलेला चिरा तो दुसऱ्या दिवशी बसवून टाकी. सकाळी दिवे विझवले की संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेपर्यंत तो तिथंच. रविवारच्या सभेलासुद्धा आला नाही. एक रविवार गेला, दोन गेले, तीन गेले.

शिमगा तोंडावर आला, पालखी उतरायला तीन दिवस राहिले आणि सातवी पायरी तेवढी उघडी राहिली. तिला लांबरुंद चिरा लागत होता आणि तसा चिरा गावात एकच होता, रावसाहेबांच्या पडवीला. रावसाहेब शिडीखाली आलेले नव्हते. लवू त्यांच्या फाटकाशी दोन संध्याकाळी जाऊन आला. पहिल्या दिवशी त्यांनी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी खिडकीतूनच म्हणाले, "लव्या, मी अध्यक्ष आहे."

"तुमी व्हय म्हणालात, रावसाहेब. सगळ्यांच्या आधी," लवू म्हणाला, आणि गेला.

त्या रात्री रावसाहेबांना झोप लागली नसावी. कारण दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्यांचा निरोप आला, चिटणिसांनी तातडीनं यावं. गेलो, तर रावसाहेब पंचा नेसून पायरीपाशी पहारीनं ठोकत होते. गड्याला त्यांनी मुद्दाम गोठ्याकडे पिटाळलं होतं. "एकट्याला उचलत नाही," ते म्हणाले. "आणि मास्तर, हे इतिवृत्तात नको." आम्ही दोघांनी तो चिरा बांबूला बांधला आणि प्रेतासारखा खांद्यावरून नेला. वाटेत ते एकदाच बोलले. "मी काही मानत नाही, हं."

पाखाडीच्या तोंडाशी आलो आणि दोघंही थिजलो. उद्या पालखी, घरात देवीचा एकही चिरा राहायला नको, म्हणून आपापला राहिलेला शेवटचा चिरा घेऊन सगळा सेवा क्लब त्याच दुपारी तिथं आला होता. अठरा इज्जतदार माणसं, डोक्यावर किंवा काखेत दगड, एकमेकांकडे बघत उभी. कुणी खाकरलं. दादा वकिलांनी आपला चिरा पाठीमागं लपवायचा प्रयत्न केला, तो काही लपत नव्हता. शेवटी जमालशेट मोठ्यानं हसले.

"अहो, गाऱ्हाणं तुमच्या देवीचं," ते म्हणाले, "पण चिरा माझ्या अंगणात होता की नाही? तो काय मी सुंता करून ठेवला होता?"

सगळे हसले, फक्त रावसाहेब हसले नाहीत. त्यांच्या अंगात मामलेदार संचारला. चिरा खाली ठेवून घाम पुसत ते म्हणाले, "सद्गृहस्थहो, गणसंख्या पुरी आहे. ही क्लबाची सभाच समजा. चिटणीस, लिहून घ्या : ठराव नंबर नऊ क्लबानं स्वहस्ते पार पाडला."

मी लिहून घेतलं. लवू खालून म्हणाला, "आधी चिरा द्या." त्यानं तो लांब चिरा सातव्या पायरीवर बसवला, वर उभा राहून दोनदा उड्या मारल्या आणि मग दिवे लावायला निघून गेला.

सभा मात्र चालूच राहिली, कारण रावसाहेबांना आणखी एक विषय आठवला. वीस माणसांचं गुपित ज्याला ठाऊक आहे असा माणूस क्लबात पायरीवर का होईना, बसणं बरं नव्हतं. वहीत नियम होता : लागोपाठ तीन सभांना जो गैरहजर, तो कार्यक्षम सभासद नव्हे, त्याचं नाव कमी करावं. लवूच्या तीन सभा बुडाल्या होत्या. त्या का बुडाल्या, हे सगळ्यांच्या पायाखाली होतं, आणि त्यावरच उभं राहून सगळ्यांनी हात वर केले. पाखाडीवर सभासदांच्या नावांची फरशी लावायचंही ठरलं. वीस नावांची. माझाही हात वर होता. खाली घेतला असता तर आज ही गोष्ट सांगताना बरं वाटलं असतं.

रात्रभर ते गाळलेलं नाव मला टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ढोल वाजायला लागले तसा मी पाखाडीकडे गेलो. लवू मधल्या पायऱ्यांवर शेणसडा घालत होता. खाली त्याच्या दारात हौसा उंबऱ्याला टेकून बसली होती. अंगावर नवं लुगडं, मांडीवर ओटीचं सूप. ती माझ्याकडे बघत नव्हती, वर बघत होती.

मी मधोमध उभा राहिलो आणि लवूला सगळं सांगून टाकलं. नियम सांगितला, हजेरी सांगितली, वर झालेले हात सांगितले, त्यातला माझाही. "हा अन्याय आहे, लवू," मी म्हणालो. शब्द पाठ करून आलो होतो. "पुढच्या सभेत मी ठराव मांडतो. तुझं नाव परत घालायचा. फरशीवरसुद्धा. मी झगडीन, तू बघच. घटनेत दुरुस्ती करून घेऊ. आधी एक पोटसमिती..."

माझ्या पाठीमागं ढोल एकदम जवळ आले. लवूनं सड्याची बादली उचलून कडेला घेतली, माझ्या खांद्यावरून वर पाहिलं आणि म्हणाला,

"मास्तर, वाट सोडा, पालखी येतेय."